विष्णुपुरीच्या पाट्या

नांदेडहून लातूरकडे निघालं, गोदावरीचा पूल ओलांडून सिडको-हडकोची वस्ती मागे टाकली की विष्णुपुरी येते. गाव जुनं आहे, नदीकाठी काळेश्वराचं देऊळ आहे. पण रस्त्याने जाणाऱ्याला गावाआधी पाट्या दिसतात. श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. गोदावरी अडवणाऱ्या प्रकल्पालाही शंकररावांचंच नाव आहे आणि त्याच्या जलाशयाला लोक शंकरसागर म्हणतात. शिखांचे दहावे गुरू, एक संन्यासी आणि एक मुख्यमंत्री, असे तिघे एका शिवारात शेजारी आले आहेत. गंमत म्हणजे तिघांपैकी एकाचाही जन्म नांदेड जिल्ह्यातला नाही. गुरू पाटण्याचे, स्वामीजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे, शंकरराव पैठणचे. तरीही नांदेडचा माणूस बाहेरगावी आपली ओळख सांगताना याच तिघांपैकी कुणाचं तरी नाव घेतो.

आपलं कुणाला म्हणायचं हे गाव ठरवतं, प्रांत ठरवतो, देशही ठरवतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्येच मांडलं होतं की माणूस एकटा आठवत नाही; कुटुंब, धर्म, वर्ग अशा गटांच्या चौकटीत त्याची आठवण घडते. पुढे पिएर नोरा या इतिहासकाराने १९८४ ते १९९२ या काळात फ्रान्सच्या स्मृतिस्थळांवर सात खंडांचा ग्रंथ संपादित केला. त्यात थडगी आणि पुतळे होतेच, पण सण, शालेय पुस्तकं, दिनदर्शिका आणि रस्त्यांची नावंही होती. देशाची आठवण अशा अनेक जागी ठेवलेली असते. आपल्याकडे मात्र स्मारक म्हटलं की चौथरा आणि पुतळा डोळ्यांसमोर येतो आणि पाटीकडे स्मारक म्हणून कुणी पाहत नाही.

खरं तर पाटीची पोच पुतळ्याहून मोठी आहे. पुतळ्याला वर्षातून दोनदा हार पडतो. विद्यापीठाचं नाव मात्र नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या बहुतेक पदवीधरांच्या गुणपत्रिकेवर येतं, नोकरीच्या अर्जात येतं, लग्नाच्या बायोडेटातही येतं. पण रोजच्या वापराने नाव झिजतंही. विद्यापीठाचं झालं ‘स्वारातीम’, अभियांत्रिकी संस्थेचं ‘एसजीजीएस’, वैद्यकीय महाविद्यालयाचा झाला ‘विष्णुपुरीचा दवाखाना’. ‘स्वारातीम’मधला ‘स्वा’ कोण, असं परीक्षेच्या रांगेतल्या मुलाला विचारलं तर तो स्वामी म्हणेल. कुठले स्वामी, असं विचारलं तर बहुतेक जण एखाद्या मठाचा अंदाज बांधतील.

स्वामी रामानंद तीर्थांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म ३ ऑक्टोबर १९०३. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी शिक्षकी केली. संन्यास घेतला तो राजकारण सोडण्यासाठी नव्हे. निजामाचं हैदराबाद संस्थान १६ जिल्ह्यांचं होतं: तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच, कर्नाटकाचे तीन. लोकसंख्या दीड कोटीच्या वर आणि सभा घ्यायलाही सरकारची परवानगी लागायची. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामीजी सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांनी हिंदी संघराज्यात सामील होण्याची मागणी करणारा दिवस पाळायला लावला. १५ ऑगस्टला देशभर झेंडे फडकत असताना तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना हैदराबादेत अटक झाली.

मराठवाड्याच्या वाट्याला स्वातंत्र्य आलं ते त्यानंतर तेरा महिन्यांनी, आणि ते तेरा महिने काही शांततेत गेले नाहीत. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाने भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार केला, पण कासिम रझवीच्या सशस्त्र रझाकार संघटनेचा जोर वाढतच गेला. हा रझवी लातूरला वकिली करणारा, म्हणजे या भागाच्या ओळखीचाच माणूस. सरहद्दीपलीकडे, मध्य प्रांतात आणि मुंबई इलाख्यात, कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. नांदेडला जवळचा उमरखेडचा कॅम्प, आणि वकिलीवर पाणी सोडून तिथे काम करणारा तरुण म्हणजे शंकरराव चव्हाण. विष्णुपुरीच्या दोन पाट्या अशा एकमेकींना धरून आहेत. ३० जानेवारी १९४८ रोजी कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली आणि वीस लाखांहून अधिक रक्कम लढ्यासाठी नेली. दिल्लीत गांधीजींचा खून झाला तोही हाच दिवस. त्यामुळे उमरीची ३० जानेवारी देशाच्या आठवणीत जाऊच शकली नाही. ती तारीख आधीच भरलेली होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

विष्णुपुरीचं विद्यापीठ १७ सप्टेंबरलाच स्थापन झालं, वर्ष १९९४. तारीख मुद्दाम निवडलेली होती. पण त्या वर्षाला आणखी एक तारीख आहे, आणि ती सोडून विष्णुपुरीची पाटी वाचली तर अर्धीच वाचली जाते.

औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचं नाव त्या दिवसांशी कायमचं जोडलं गेलं. नामांतराच्या विरोधकांत मुक्तिसंग्रामातली मोठी माणसंही होती, गोविंदभाई श्रॉफ त्यांपैकी एक. निजामाशी लढून मिळवलेली मराठवाड्याची अस्मिता विद्यापीठाच्या नावात आहे, ती पुसू नये, असा तो युक्तिवाद होता. मुक्तीची आठवण इथे दुसऱ्या एका मुक्तीच्या आड उभी राहिली. त्या नेत्यांच्या त्यागाबद्दल आदर ठेवूनही मला हा युक्तिवाद तेव्हाही लंगडाच होता असं वाटतं. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारून मराठवाड्यात उच्च शिक्षणाची दारं उघडणाऱ्या माणसाच्या नावाने मराठवाड्याची ओळख कशी पुसली जाईल? हा लढा सोळा वर्षं चालला. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला तोडगा निघाला, त्याला नामांतराऐवजी ‘नामविस्तार’ म्हटलं गेलं. आंबेडकरांचं नाव आलं आणि मराठवाडाही राहिला. आठ महिन्यांनी नांदेडला जे नवं विद्यापीठ झालं, त्याच्या नावाची घडणही तशीच: आधी व्यक्ती, मग मराठवाडा.

आज १४ जानेवारीला औरंगाबादच्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर माणसांची रीघ लागते. ते गेट काही नामांतराचं स्मारक म्हणून बांधलेलं नव्हतं. लोकांनी ते तसं करून घेतलं. भीमा कोरेगावचा जयस्तंभ कंपनी सरकारने १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर स्वतःच्या सैन्याच्या गौरवासाठी उभारला. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थ पालटला. स्मारक बांधणाऱ्याच्या हातात दगड असतो, पुढच्या शंभर वर्षांतली गर्दी त्याच्या हातात नसते.

उलटही घडतं. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ २९ ऑक्टोबर १९४६ रोजी गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मराठवाड्यातल्या लढ्याचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. अर्जापूरला त्यांचं स्मारक आहे, त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. पण आज ‘गोविंद पानसरे’ म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला २०१५ साली कोल्हापुरात ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ते कॉम्रेड आठवतात. त्यांची आठवण राहायलाच हवी. पण एकाच नावाचे दोन हुतात्मे असतील तर ज्याच्या बाजूने वर्तमानपत्रं, संघटना आणि चालू खटला आहे तोच आठवतो. दुसऱ्याच्या बाजूने फक्त चौथरा उरतो.

१९८० च्या दशकात सरकारने महाराष्ट्रभर गावोगावी हुतात्मा स्मारकं बांधली. बहुतेकांचा नमुना एकच, एक स्तंभ आणि जवळ एक छोटी इमारत. कल्पना चांगली होती. त्या जागेत वाचनालय चालावं, गावाने बसावं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वीज तुटली, फरशी उखडली, कुंपणाच्या आत बाभळी वाढल्या. बांधकामाला एकदा निधी लागतो, देखभालीला दरवर्षी, आणि दरवर्षीच्या खर्चाचं उद्घाटन करता येत नाही.

नांदेडमध्ये १७ सप्टेंबरचं सरकारी ध्वजारोहण माता गुजरीजी विसावा उद्यानातल्या स्मारकापाशी होतं. गुरु गोबिंदसिंघांच्या आईच्या नावाच्या बागेत मराठवाड्याच्या मुक्तीला मानवंदना! हे ठरवून साधलं असतं तर कुणी कृत्रिम म्हटलं असतं. त्याच सकाळी जुन्या संस्थानाच्या उरलेल्या दोन भागांत काय चालतं तेही पाहण्यासारखं आहे. कर्नाटकाने २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचं नाव कल्याण-कर्नाटक केलं, तेव्हापासून तिथे कल्याण-कर्नाटक उत्सव होतो. तेलंगणात २०२२ साली राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ पाळला आणि त्याच दिवशी त्याच शहरात केंद्र सरकारने ‘हैदराबाद मुक्ती दिन’. २०२४ मध्ये तिथलं सरकार बदललेलं होतं, दिवसाचं नावही बदललं, ‘प्रजापालन’ दिन झालं. तेलंगणातल्या कम्युनिस्टांचं म्हणणं आणखी निराळं. त्यांचा सशस्त्र शेतकरी लढा १९४६ ला देशमुख जमीनदारांविरुद्ध सुरू झाला आणि १९५१ पर्यंत, म्हणजे निजाम गेल्यावरही, चालू राहिला. त्यांच्या हिशेबात १७ सप्टेंबरला काही संपलंच नाही. तारीख एकच आहे. मुक्ती म्हटलं की शत्रू समोर उभा राहतो, एकात्मता म्हटलं की तो अदृश्य होतो.

स्वामीजींचं स्वतःचं आयुष्य या तिन्ही भागांत वाटलेलं आहे. जन्म कर्नाटकात, शिक्षकी मराठवाड्यात. लोकसभेवर ते १९५२ ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादेतून निवडून आले. २२ जानेवारी १९७२ ला ते गेले, समाधी हैदराबादला बेगमपेठेत आहे. पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरू मानत. भाषावार प्रांतरचनेने हैदराबाद राज्य १९५६ मध्ये मोडलं तेव्हा त्याच्या आठवणींचेही तीन वाटे झाले. कानडी, तेलुगू आणि मराठी मुलं एकाच लढ्याचे तीन वेगळे धडे शिकतात.

आता त्या गोष्टीकडे येतो जिची कुठेच पाटी नाही. भारतीय सैन्याच्या सप्टेंबर १९४८ च्या कारवाईनंतरच्या (तिला ‘पोलीस कारवाई’ म्हणतात) आठवड्यांत संस्थानातल्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री तिचे सदस्य होते. १९४८ अखेर ही मंडळी जिल्हे फिरली. अगदी सावध अंदाजानेही कारवाईत आणि तिच्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असं त्यांनी लिहिलं. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून अहवालात चार नावं आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. रझवीच्या लातूरचा उल्लेख वेगळा केलेला आहे. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही.

हे लिहिलं की लगेच विचारलं जातं, मग रझाकारांनी काय केलं ते विसरायचं का? नाही. रझाकारांनी जाळलेल्या गावांच्या आठवणी खऱ्याच आहेत, त्या आमच्या आजी-आजोबांच्या तोंडून घराघरांत आल्या आहेत. रझाकाराच्या भीतीने कुणी कणगीत लपलं, कुणी रातोरात सरहद्द ओलांडली, हे मराठवाड्यात शाळेत शिकवावं लागत नाही. पण सप्टेंबरच्या त्या दिवसांनंतर ज्यांची घरं गेली, तीही आजी-आजोबांचीच घरं होती. त्यांच्या नातवंडांनी १७ सप्टेंबरला झेंड्याखाली उभं राहून कुठली आठवण काढायची, हे आपण त्यांना कधी विचारलेलं नाही. निजामाची राजवट जाणं ही सगळ्या प्रजेची सुटका होती. लढ्यात निजामाविरुद्ध उभे राहिलेले मुसलमानही होते. शोएब उल्ला खान या तरुण संपादकाला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनीच ठार केलं. त्याचं नाव मराठवाड्यातल्या कार्यक्रमांत अधिक घेतलं गेलं तरी बरंच साधेल.

बायकांचं तसंच. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचं नाव निघतं, कारण त्यांनी हातात शस्त्र घेतलं. भाकरी बांधून देणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, नवरा कॅम्पवर असताना रझाकारांना दारातून परत लावणाऱ्या बायकांचं नाव निघत नाही. त्यांच्या कामाला सरकारी रकाना नव्हता.

या रकान्याची एक कथाच आहे. स्वातंत्र्यसैनिकांना मानधन सुरू झालं तेव्हा पुरावा मागितला गेला. तुरुंगात गेलेल्यांकडे तुरुंगाची नोंद होती, पण भूमिगतांकडे काय असणार? भूमिगताने कागद मागे ठेवला तर तो भूमिगत कसला? म्हणून जुन्या, मान्यताप्राप्त सैनिकांची प्रमाणपत्रं ग्राह्य धरली गेली. रस्ता योग्य होता, पण त्याच रस्त्याने बोगस सैनिकही आले. बीड जिल्ह्यातलं प्रकरण इतकं वाढलं की न्यायमूर्ती पालकर आयोग नेमावा लागला. खऱ्यांना वर्षानुवर्षं हेलपाटे आणि खोट्यांना मानधन, यामुळे लढ्याच्या आठवणीचं जे नुकसान झालं ते कुठल्याही पडक्या स्मारकाने झालं नसेल. ‘स्वातंत्र्यसैनिक’ शब्द उच्चारला की गावातलं कुणीतरी गालातल्या गालात हसू लागलं.

शंकररावांच्या पाटीमागची आठवण अजून ओली आहे, अक्षरशः. शिस्तीमुळे त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. विष्णुपुरीची उपसा सिंचन योजना मोठमोठ्या पंपांनी गोदावरीचं पाणी उचलून कालव्यांत टाकते. तिचा उल्लेख नांदेडकर ‘आशियातली सर्वांत मोठी’ असा केल्याशिवाय राहत नाहीत. पण हे पाणी मुक्तिसंग्रामाच्या आठवणीशी थेट जोडलेलं आहे. ‘मराठवाडा विनाअट महाराष्ट्रात आला’ हे वाक्य इथल्या प्रत्येक भाषणात असतं आणि त्याच्या पाठोपाठ ‘अनुशेष’ येतो: सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा. १६ सप्टेंबर २०२३ रोजी मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त राज्य मंत्रिमंडळाची बैठक औरंगाबादेत झाली, तेव्हाही लोकांनी विचारलं ते पॅकेजबद्दलच. यात कुणाला आठवणीचं बाजारीकरण दिसेल. मला त्यात तिचा जिवंतपणा दिसतो. जिच्या जोरावर काही मागता येतं ती आठवण माणूस सोडत नाही.

तिसरी पाटी गुरूंची. ७ ऑक्टोबर १७०८ ला गुरु गोबिंदसिंघ नांदेडला देह ठेवते झाले. त्याआधी त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे दिलं. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात इथे हजूर साहिबचा गुरुद्वारा बांधला, आणि तो बांधला गेला निजामाच्या राज्यात. त्याच्या कारभाराचा कायदाही १९५६ मध्ये हैदराबाद राज्याच्या विधानसभेनेच केला. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीत शहराचे रस्ते रुंद झाले आणि नांदेड नव्याने देशाच्या नकाशावर आलं. पण हजूर साहिबची आठवण त्या रस्त्यांमुळे टिकलेली नाही. तिथे रोज पहाटे गागरिया सिंघ गोदावरीवरून पाण्याची गागर भरून आणतो आणि तख्ताची सेवा सुरू होते. दसऱ्याला, होळीला हल्ला महल्ला निघतो. तीनशे वर्षांत एकाही पिढीला ‘हे कोण होते’ असं विचारावं लागलेलं नाही, कारण रोज कुणाला तरी नदीवर जावंच लागतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या वाट्याला असा नेम आला नाही. त्यांनी १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज काढलं आणि पुढे त्याच कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी हैदराबादच्या प्रश्नावर मराठीतलं सर्वांत स्वच्छ लेखन केलं. स्वामीजींचा नेम म्हणायचा तर तो तिथे, वर्गात होता.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र एक विलक्षण उलटापालट झाली आहे. आरक्षणासाठी मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकालीन दप्तरं धुंडाळली, शोध हैदराबादपर्यंत गेला. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य करणारा शासन निर्णय काढला. पंधरा दिवसांनी, १७ तारखेला, त्याच निजामाची राजवट गेल्याचा झेंडा फडकला. ज्या राज्याचा अंत आपण साजरा करतो, त्याच राज्याचा कागद आज मराठवाड्यातल्या घराघरांत सोन्याच्या भावाचा झाला. यात विसंगती नाही. स्मारक आठवण राहावी म्हणून बांधतात, त्यामुळे त्यात निवड येतेच. दप्तर शेतसारा वसूल करायला लिहिलं गेलं, त्यामुळे त्यात सगळेच सापडतात: पाटील, कुळवाडी, बलुतेदार, विधवा, गाव सोडून गेलेला.

पण ते वाचणार कोण? गावच्या नोंदी मोडीत, वरचा कारभार उर्दूत आणि तोही घाईच्या शिकस्ता वळणात. नोंदी शोधताना मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं मिळवायची धावपळ झाली ती यामुळेच. १९४८ मध्ये अठरा वर्षांचा असलेला कार्यकर्ता आज पंचाण्णवीच्या पुढे असेल. तोंडी आठवण सांगणारे आता जवळपास संपले. यापुढे उमरी, अर्जापूर किंवा लातूरच्या त्या दिवसांबद्दल नवं काही कळायचं असेल तर ते कागदातूनच कळेल. स्वामीजींचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत इतिहास घेऊन पदवी मिळवणारी मुलं दरवर्षी भरपूर निघतात. त्यांतल्या किती जणांना मोडी येते आणि किती जणांना उर्दू, हा प्रश्न १७ सप्टेंबरच्या भाषणात अजून कुणी विचारलेला नाही.